पत्नीचा खून, पोलीस तपास आणि मागे राहिलेली मुले

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मध्य प्रदेशातील एका खेड्यात जुलै २००३ मध्ये एका विवाहित स्त्रीचा रात्रीच्या वेळी राहत्या घरी मृत्यू झाला. माहेरच्या माणसांना निरोप न देता गुपचूप तिचा अंत्यविधी उरकण्यात आला. त्यामुळे शवविच्छेदनासाठी देहच उरला नाही. उरली ती सात वर्षांची मुलगी. वडिलांनी आईला कसे मारले हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिचा जबाब नोंदविण्यास पोलिसांना अठरा दिवस लागले. सत्र न्यायालयाने पतीला दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याची सुटका केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून शिक्षा पुन्हा कायम केली. घटना आणि अखेरचा निकाल यांत एकवीस वर्षांहून अधिक काळ गेला.

या खटल्यात कायद्याचे जे प्रश्न निघाले त्यांची उत्तरे न्यायमूर्तींनी विस्ताराने दिली आहेत. साक्षीदार लहान आहे एवढ्याच कारणाने त्याची साक्ष टाकून देता येत नाही. ती पढविलेली तर नाही ना, एवढे न्यायालयाने कसोशीने पाहावयाचे असते. जबाबास विलंब झाला म्हणूनही ती आपोआप खोटी ठरत नाही. तथापि गावपातळीवर काम करणाऱ्या मंडळींसाठी या प्रकरणातील खरा धडा त्या अठरा दिवसांत आणि त्या गुपचूप पेटविलेल्या चितेत आहे. त्या रात्री कोणीतरी लाकडे आणली असतील, कोणीतरी खांदा दिला असेल आणि दुसऱ्या दिवशी गावाला सर्व काही ठाऊक झाले असेल. पोलीस ठाण्याला मात्र ते ठाऊक नव्हते.

घरातील खून हा तपासाच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रकार होय. बाहेरचा साक्षीदार नसतो. घरातील साक्षीदार आरोपीचे आईवडील, भाऊ, भावजय किंवा त्याची स्वतःची मुले असतात. मृत्यूचे कारण सांगणारा पहिला माणूस बहुधा आरोपीच असतो आणि ते कारण ठरलेले असते : स्टोव्हचा भडका, विहिरीत पाय घसरणे, पोटदुखीला कंटाळून घेतलेला गळफास, सर्पदंश. आपल्याच राज्यातील एका खेड्यात नोव्हेंबर १९९६ मध्ये सून साप चावून मेली, असा निरोप सासरकडून माहेरी गेला. शवविच्छेदनात गळा आवळल्याने श्वास कोंडून मृत्यू आल्याचे निष्पन्न झाले. या प्रकरणात २००६ साली निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, बंद घरात, जेथे पती-पत्नीच राहत होती अशा ठिकाणी, पत्नीचा मृत्यू झाला तर तो कसा झाला याचा खुलासा पतीने दिला पाहिजे. खुलासा नसेल वा दिलेला खुलासा खोटा ठरला तर तो पुराव्याच्या साखळीतील आणखी एक दुवा ठरतो. पूर्वीच्या पुरावा अधिनियमातील कलम १०६ चे हे तत्त्व आज भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०९ मध्ये आहे.

यावरून काही पोलीस अधिकारी असा सोयीचा अर्थ काढतात की, आता सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच आहे. तो अर्थ चुकीचा आहे. साखळी आधी सरकारपक्षाने जुळवावी लागते. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात लग्नाला चार महिने झालेल्या एका तरुणीचा सायनाइडने मृत्यू झाला. त्या काळी वृत्तपत्रांतून आणि स्त्रीसंघटनांच्या सभांतून हे प्रकरण गाजले. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, परंतु जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले. कारण आत्महत्येची शक्यता पुराव्याने निर्विवादपणे बाजूला सारली गेली नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या या निकालात घालून दिल्या, त्या पुढे प्रत्येक न्यायालयात उद्धृत होत आल्या आहेत. त्या तरुणीने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे या खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. लिहिताना आपली पत्रे कधी न्यायाधीश वाचतील असे कोणत्या मुलीच्या मनात येते! माहेरी आलेली पत्रे, आणि आजच्या काळात भ्रमणध्वनीवरील संदेश, जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

साखळी पक्की व्हावयाची असेल तर तिचा पहिला दुवा पहिल्या काही तासांतच हाती लागतो. गळफासात दोरीचा व्रण बहुधा मानेच्या वरच्या भागात तिरकस चढत गेलेला आढळतो, दोरीने गळा आवळल्यास तो आडवा आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला असू शकतो. जिवंतपणी जळालेल्या व्यक्तीच्या श्वासनलिकेत काजळी सापडते, मारून मग जाळलेल्या देहात ती सापडत नाही. विषाचा संशय असल्यास व्हिसेरा राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. ही सर्व चिन्हे देह असेतोवरच वाचता येतात. घर सारवले, कपडे धुतले, अंथरूण जाळले की पंचनाम्यात लिहावयास काही राहत नाही.

म्हणूनच १९८३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केल्यास अगर तिचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाची तरतूद आली आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी आवश्यक ठरली. आज या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ व १९६ मध्ये आहेत. कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांनी अशा घरी जावयाचे असते ते केवळ कागदावर स्वाक्षरी करण्यासाठी नव्हे. माहेरच्या माणसांना बाजूला घेऊन त्यांचे ऐकणे, मुले कोठे आहेत ते विचारणे, स्वयंपाकघर स्वतः पाहणे एवढे केले तरी चौकशीला अर्थ येतो. सात वर्षे उलटून गेली म्हणजे शवविच्छेदन नको, असाही एक गैरसमज आढळतो. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर लग्नाला वीस वर्षे झालेली असोत, ते करावेच लागते. मृत व्यक्ती पती असेल तरीही हाच नियम आहे.

आता पंचायत सदस्यांच्या जबाबदारीविषयी. याच संहितेचे कलम ३४ (जुन्या संहितेतील कलम ४०) गावाच्या कारभाराशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्यावर आणि गावातील रहिवाशावरही अशी जबाबदारी टाकते की, गावात वा गावाजवळ आकस्मिक, अनैसर्गिक अथवा संशयास्पद मृत्यू घडल्याची माहिती असल्यास ती विनाविलंब पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्यांना कळवावी. या कलमाच्या व्याख्येत ग्रामपंचायतीच्या सदस्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पुष्कळ सदस्यांना हे ठाऊक नसते. ते काम पोलीस पाटलाचे, अशी सर्वांची समजूत. पोलीस पाटील तर बांधलेलाच आहे, पण तो परगावी होता म्हणून सदस्य मोकळा होत नाही. "दोन्ही घरे आपलीच, गावाची अब्रू जाते, पाहुण्यांशी बोलून मिटवू" अशी बैठक ओट्यावर बसते तेव्हा तिकडे देह स्मशानाकडे निघालेला असतो. मिटविणारी मंडळी वाईट असतात असे नाही. बहुधा ती वयोवृद्ध, मानाची आणि शांतताप्रिय असतात. त्या शांततेचे मोल पुढे कोणाला द्यावे लागते, हे पाहावयास मात्र त्यांपैकी फारसे कोणी थांबत नाही.

ते मोल मुलांना द्यावे लागते. आई गेलेली, वडील कोठडीत, आजी-आजोबा कदाचित सहआरोपी. पोलीस जीप निघून गेल्यानंतर त्या रात्री मुलांनी जेवावे कोठे आणि निजावे कोणाजवळ, या प्रश्नाचे उत्तर खटल्याच्या कागदपत्रांत कोठेही नोंदले जात नाही. बहुतेक वेळा मामा येऊन त्यांना आजोळी घेऊन जातो. कधी भावंडांची वाटणी होते : मुलगा चुलत्याकडे, मुलगी आजोळी. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अशी मुले काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालके ठरू शकतात आणि त्यांना बाल कल्याण समितीपुढे नेता येते. हे ग्रामसेवकाने वा अंगणवाडी सेविकेने कळविले तरी पुरते. आजोळच्या वृद्ध माणसांना सांभाळ झेपत नसेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मासिक साहाय्याची सोय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो आणि त्यासाठी वकिलाची फी लागत नाही.

पुढचा पेच ताब्याचा. आरोपी जामिनावर सुटतो आणि नैसर्गिक पालक या नात्याने मुले मागतो. कायद्याने पिता पालक असतो हे खरे, परंतु मुलाचे हित सर्वश्रेष्ठ मानावे असे त्याच कायद्यात म्हटले आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर फौजदारी आरोपांना तोंड देणाऱ्या पित्याऐवजी मामाकडे मुले ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिला. २००८ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात आईचे आईवडील नातवाला सांभाळत होते; तेथेही पित्यावरील प्रलंबित खटला आणि मुलाची स्वतःची इच्छा या गोष्टी विचारात घेतल्याच पाहिजेत, असे न्यायालयाने ठरविले. आजोळच्या माणसांना हे निर्णय माहीत नसतात. दारात चार माणसे घेऊन आलेल्या जावयापुढे ती गोंधळून जातात. अशा वेळी मुलांची खेचाखेच गावाने होऊ देऊ नये. न्यायालयाचा आदेश दाखविण्यास सांगावे.

मालमत्तेचा भाग तलाठ्यांसाठी महत्त्वाचा. स्त्रीच्या नावे जमीन असल्यास वारसनोंदीच्या वेळी पतीचे नाव सवयीने चढते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास मृताचा वारसा मिळत नाही. खटला चालू असेल तर फेरफारावर हरकत नोंदवून घ्यावी. हुंडा प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ६ नुसार लग्नापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाल्यास हुंड्यादाखल दिलेली मालमत्ता तिच्या मुलांना, मुले नसल्यास तिच्या आईवडिलांना मिळावयाची असते. भांडी, दागिने, कपाट यांची यादी माहेरच्यांनी लवकर करून ठेवलेली बरी.

राहिले शिक्षक. आजोळच्या गावी वर्ष अर्धे झाल्यावर एक मूल दाखल होते. दाखला जुन्या शाळेत अडकलेला असतो. तो नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेले आहे. वर्गातील मुलांना वर्तमानपत्रातून किंवा घरच्या बोलण्यातून सर्व समजलेले असते. "वडील काय करतात" हा साधा प्रश्न त्या मुलाला विचारू नये, हे शिक्षकांना कोणी सांगत नाही. हे मूल साक्षीदार असेल तर त्याला घटनेविषयी शाळेत कोणी खोदून विचारू नये, धीर देण्याच्या हेतूनेसुद्धा नाही. कारण प्रत्येक अशा संभाषणातून "याला पढविले आहे" या बचावाला आधार मिळतो. पंधरा वर्षांखालील मुलाला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, तो राहतो तेथे जाऊन विचारावे लागते. साक्ष देताना मुलाची आरोपीशी समोरासमोर गाठ पडू नये, म्हणून असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र असावे, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिले. ते ज्या खटल्यात दिले गेले तो महाराष्ट्रातीलच होता. समन्स आले म्हणजे त्या केंद्राविषयी सरकारी वकिलांकडे विचारणा करण्यास पालकांना सांगावे.

तारखा लांबतात. तपासात काय प्रगती झाली हे फिर्यादीला व पीडितांना नव्वद दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन आता पोलिसांवर आहे, आणि पीडित या शब्दात मृताचे कायदेशीर वारसही येतात. आरोपी सुटला तर अपील करण्याचा अधिकारही त्यांना आहे. सात वर्षांचे मूल हा अधिकार स्वतः बजावू शकत नाही. त्याच्या वतीने आजोबा किंवा मामा हातात पिशवी घेऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात बसतात. मध्य प्रदेशातील ती मुलगी अखेरचा निकाल लागला तेव्हा सुमारे एकोणतीस वर्षांची झाली होती.