पेपर मोजून वाचूया

(मार्गासनी, ता. वेल्हे येथे बचत गटातील महिलांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)

मैत्रिणींनो,

वर्तमानपत्रांबद्दल आपल्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते. मोठ्या पानाचा पेपर म्हणजे शहाण्यासुरत्या माणसांचा आणि लहान पानाचा, मोठ्या मथळ्यांचा पेपर म्हणजे भडक. या लहान पानाच्या पेपरला टॅब्लॉइड म्हणतात. हा शब्द मुळात औषधाच्या गोळीचा. 1884 साली इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीने दाबून लहान केलेल्या औषधांसाठी तो नोंदवून घेतला आणि पुढे तो दाबून लहान केलेल्या बातम्यांना चिकटला. पण लहान पान म्हणजे हलका पेपर असे काही नाही. लंडनच्या 'टाइम्स'ने 2004 साली मोठे पान सोडून लहान पान घेतले. म्हणून काही तो एका रात्रीत भडक झाला नाही.

मग दोन पेपरांची तुलना करायची कशी? आपण बचत गटाचा हिशेब करतो तशीच, मोजून.

पण मोजण्यातही गफलत होते. समजा, लहान पेपरात 40 बातम्या आहेत आणि त्यातल्या 8 बायकांवरच्या अत्याचाराच्या. मोठ्या पेपरात 120 बातम्या आणि त्यातल्या 18 अत्याचाराच्या. नुसता आकडा पाहिला तर मोठा पेपर पुढे दिसतो. शंभरात किती हे पाहिले तर लहान पेपरात 20 आणि मोठ्यात 15. म्हणजे नुसती संख्या नको, प्रमाण हवे. जागेचेही तसेच. पट्टी घ्या, मथळ्याची आणि फोटोची लांबी-रुंदी मोजा, आणि पूर्ण बातमीच्या जागेत त्यांचा वाटा किती ते काढा.

दुसरी गोष्ट, एका दिवसाच्या अंकावरून निकाल देऊ नका. रविवारी पुरवणी असते, निवडणुकीत सगळी पाने पुढाऱ्यांची असतात. पहिल्या आठवड्याचा सोमवार, दुसऱ्याचा मंगळवार, असे करत सात आठवड्यांत सात वार घ्या. दोन्ही पेपर त्याच दिवसांचे घ्या. आणि काय मोजायचे ते अंक उघडण्याआधी वहीत लिहा, नाहीतर आपल्याला हवे तेच आपण मोजत बसतो.

तिसरी गोष्ट, प्रत्येक फरक हा दोष नसतो. इंग्रजी शाळांत मुलांना दोन पेपरांतल्या शब्दांची लांबी मोजायला लावतात. मराठीत ते फारसे उपयोगाचे नाही, कारण आपले प्रत्यय शब्दाला जोडूनच येतात. त्यापेक्षा वाक्यात शब्द किती ते मोजा. पण आखूड वाक्यांचा पेपर हलका, असे म्हणू नका. साक्षरता वर्गातून नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला आखूड वाक्यच आधार देते.

मग आपल्या दृष्टीने महत्त्वाचे काय? मी दोन प्रश्न सुचवते.

पहिला, बातमीत बाई किती वेळा आहे आणि कोण म्हणून आहे? 1995 साली 71 देशांतल्या कार्यकर्त्यांनी एकाच दिवसाच्या बातम्या मोजल्या. बातम्यांमधल्या शंभर माणसांत बायका होत्या 17. दर पाच वर्षांनी ही मोजणी होत राहिली. 2020 साली 116 देशांत हा आकडा 25 होता. पाव शतकात शंभरामागे आठ बायका वाढल्या! आपणही पाहूया, बाई सरपंच म्हणून, शेतकरी म्हणून येते, की फक्त कुणाची तरी बायको आणि कशाची तरी बळी म्हणून?

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. अत्याचाराच्या बातमीत तिची ओळख किती उघडी पडते? बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे 1983 पासून गुन्हा आहे. तिची स्वतःची लेखी संमती असे मोजकेच अपवाद आहेत. आज ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये आहे. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की नुसते नाव टाळून भागत नाही, ओळख पटेल असा कुठलाही तपशील देऊ नये.

शहरात "अमुक भागातील तरुणी" म्हटले तर ती लाखांत हरवते. आपल्याकडे मात्र वाडीचे नाव, वय आणि "दोन मुलांची आई" एवढे छापले की संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळते. नाव न छापताही ती उघडी पडते. मग माहेरचे दार बंद होते, साक्ष द्यायची हिंमत खचते. हे लहान पानावर घडले काय आणि मोठ्या पानावर घडले काय, तिला सारखेच.

म्हणून प्रत्येक बातमीपुढे चार खुणा करा: गाव, वय, नाते, फोटो. पाचवी खूण वाक्यासाठी. "महिलेवर अत्याचार झाला" या वाक्यात करणारा कुठे आहे? तो आपोआप होतो का? तिचे वय, गाव, कपडे सारे छापायचे आणि त्याला वाक्यातूनच वगळायचे, हा प्रकार किती वेळा होतो ते मोजा.

सात आठवड्यांनी वह्या घेऊन बसूया. कदाचित लहान पेपर दोषी ठरेल, कदाचित ज्याला आपण सभ्य समजतो तो. निकाल आधी ठरवायचा नाही. पण "तुमचा पेपर वाईट आहे" म्हटले की संपादक हसून सोडून देतात. "तुमच्या सात अंकांत इतक्या बातम्या, त्यांतल्या इतक्यांत बाईची ओळख पटते, ही त्यांची कात्रणे" असे पत्र गेले की त्यांना उत्तर द्यावे लागते.

हिशेब आपल्याला येतो. बचतीच्या वहीशेजारी आता ही एक वही ठेवूया.