मागे पडलेल्या उमेदवाराने काय करावे?



आपल्याकडे निवडणुकीचे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. ज्याला मिळाले तो गुलाल उधळतो, ज्याला मिळाले नाही तो रुसून बसतो, नाहीतर बंडखोरी करतो. अमेरिकेत अध्यक्षपदाचे तिकीट कोणाला द्यायचे हेही मतदारच ठरवतात. त्यासाठी राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होते. त्याला प्राथमिक निवडणूक म्हणतात. ते एका दिवसात उरकत नाही. वर्षाच्या आरंभी सुरू होते ते जूनपर्यंत चालते. त्यातून प्रतिनिधी निवडले जातात, आणि ज्याच्या बाजूला त्यांचे बहुमत, त्याला पक्षाचे अधिवेशन उमेदवारी देते.

आता इतके महिने चालणाऱ्या शर्यतीत कोणीतरी मागे पडणारच. मग त्याला चहूकडून सांगणे सुरू होते, "बाबा रे, पुरे कर. घरातले भांडण चव्हाट्यावर नको." हा सल्ला त्याने ऐकावा का?

२००८ साली डेमोक्रॅटिक पक्षात हा प्रश्न श्रीमती हिलरी क्लिंटन यांच्यापुढे उभा राहिला. फेब्रुवारीत बराक ओबामांनी ओळीने अकरा लढती जिंकल्या. त्या पक्षात प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात होते, म्हणून गेलेली आघाडी भरून काढणे फार जड जाते. एप्रिलमध्ये बाईंनी पेनसिल्व्हेनिया सुमारे नऊ टक्क्यांनी जिंकले, तरी अंतर तुटले ते जेमतेम डझनभर प्रतिनिधींचे! हिशेबनीस म्हणू लागले, हे गणित सुटायचे नाही. बाई हटल्या नाहीत.

त्यांनी केले ते मला योग्य वाटते. गावजेवणात शेवटच्या पंगतीला बसलेल्यांना "भांडी रिकामी झाली, उठा" असे कोणी सांगतो का? साउथ डकोटा आणि मोंटाना या राज्यांची पाळी ३ जूनला होती. तेथल्या मतदारांनी नावापुरते मत का द्यावे? शिवाय पक्षाचेही काही बिघडले नाही. एरवी ज्या इंडियानाकडे हा पक्ष फिरकतही नसे, तेथे मे महिन्यात दोन्ही गटांचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. नोव्हेंबरात ते राज्य ओबामांना मिळाले. १९६४ नंतर ते त्या पक्षाला प्रथमच मिळत होते. सारे श्रेय त्या लांबलेल्या लढतीला देता येणार नाही, पण नांगरट झाली होती एवढे खरे. ३ जूनला मतदान संपले; ७ जूनला बाईंनी माघार घेतली आणि आपल्या लोकांना ओबामांना मत द्यायला सांगितले.

योगायोग असा, की १९८० सालीही शेवटचे मोठे मतदान ३ जूनलाच होते. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या विरोधात त्यांच्याच पक्षाचे एडवर्ड केनेडी उभे होते. त्या दिवशी आठांपैकी पाच राज्ये केनेडींनी जिंकली, कॅलिफोर्नियासुद्धा. पण बहुमत कार्टरांचे झाले. येथवर केनेडींचेही काही चुकले नव्हते. पुढे मात्र मतदार संपले आणि उरली ती नियमांची खटपट. प्रतिनिधींवरचे बंधन सैल करावे, म्हणजे ते पक्ष बदलल्यासारखे इकडे येतील, असा केनेडींच्या गटाचा आग्रह. हा वाद न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत, ११ ऑगस्टपर्यंत, चालला. त्या दिवशी ठराव पडला, तेव्हा कुठे केनेडींनी माघार घेतली.

तुम्ही म्हणाल, १९७६ साली रिपब्लिकन पक्षात रोनाल्ड रेगनही अधिवेशनापर्यंत लढलेच की. लढले, पण तेव्हा सारे मतदान संपूनही फोर्ड आणि रेगन यांपैकी कोणालाच बहुमत मिळाले नव्हते. निकाल खरोखरच बाकी होता. १९८० साली तो लागलेला होता.

कार्टर पुढे हरले, ते केवळ केनेडींमुळे नव्हे. इराणमध्ये अमेरिकन ओलीस अडकले होते, महागाईने लोक गांजले होते. तरी जून ते ऑगस्ट हे दहा आठवडे पक्ष आपल्याच अध्यक्षाशी झुंजत राहिला. अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री केनेडी व्यासपीठावर आले, त्यांनी हस्तांदोलन केले. पण दोघांनी हात उंचावून लोकांपुढे उभे राहावे, ही ज्या चित्राची सारे वाट पाहत होते, ते काही झाले नाही. नोव्हेंबरात कार्टरांच्या पदरात सहा राज्ये आणि राजधानीचे शहर, एवढेच पडले.