क्षमा केली, म्हणून खटला सोडायचा का?
(मोहने येथील स्नेहसभेतील भाषण)

बंधूभगिनींनो, सर्वांना सलाम. आम्ही मराठी ख्रिस्ती लोकही भेटल्यावर सलामच करतो, त्यामुळे इथे परकेपणा वाटत नाही.

मला क्षमेवर बोलायला सांगितले आहे. पण आधी दुष्टपणाबद्दल बोलतो. तो नेहमी दुसऱ्याच्या मोहल्ल्यात राहतो, असे आपण धरून चालतो. पवित्र शास्त्रात मात्र पहिला खून सख्ख्या भावाने केला आहे. आम्ही काईन आणि हाबेल म्हणतो, तुम्ही काबील आणि हाबील. त्यांचा ना धर्म वेगळा, ना जात.

आता क्षमा. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले, 10 वर्षांचा फिलिप व 6 वर्षांचा टिमोथी, रात्री गाडीत झोपले होते. जमावाने गाडी पेटवली. तिघेही गेले. स्टेन्स बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि 2004 पर्यंत त्या कुष्ठरोग्यांतच राहिल्या.

यावरून आमच्यातले काही जण म्हणतात, खऱ्या ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये. मला हे मुळीच पटत नाही. खटला चालला. 2003 मध्ये दारासिंगला फाशी झाली, 2005 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचा परिणाम वेगळा, हीच ग्लॅडिस यांची भूमिका होती.

देवाचे मार्गदर्शन म्हणजे आकाशवाणी नव्हे. तुम्ही नमाजात रोज सरळ मार्ग मागता. 2018 मध्ये आसनसोलचे इमाम इमदादुल्ला रशिदी यांचा 16 वर्षांचा मुलगा दंगलीत मारला गेला. बदला घेतलात तर मी हे शहर सोडून जाईन, असे त्यांनी जमलेल्या लोकांना बजावले. मागितलेला मार्ग असा समोर येतो, तोही मय्यतीच्या वेळी.

मोहन्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथली मोठी कंपनी 2009 पासून बंद आहे. थकलेल्या देण्यांची वाट पाहता पाहता अनेक कामगार गेले. त्यांच्या घरच्यांना मी राग सोडा असे म्हणेन, पण दावा सोडा असे कधीच म्हणणार नाही. कागदपत्रे जपून ठेवा. आता तुम्ही बोला.