यकृताचे पाट आणि बांध

भंडारा जिल्ह्यांत धान पिकविणाऱ्याला पाट आणि बांधी यांचें नातें समजावून सांगावें लागत नाहीं. तलावाचें पाणी मुख्य पाटानें येतें, त्याला फांटे फुटतात, आणि एखाद्या फांट्याचें तोंड बुजविलें कीं त्यावरच्या बांध्या कोरड्या पडतात. मनुष्याच्या यकृताची रचना पुष्कळ अंशीं अशीच आहे. बाहेरून तो सुमारें दीड किलोचा तांबूस गोळा. त्यावर बांध कोठेंच दिसत नाहींत. परंतु आंतील रक्तवाहिन्यांच्या फांट्यांवरून क्लोद कुइनो या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १९५७ सालीं त्याचे आठ खंड ठरविले. प्रत्येक खंडाचा पाट निराळा.

यकृतांत कर्करोगाची गांठ झाली तर ती असलेला खंड काढावा आणि बाकीचें राखावें, हा वैद्याचा हेतु. निरोगी यकृताचा २५ ते ३० टक्के भाग उरला तरी बहुधा रोगी तरतो, व उरलेला भाग पुन्हां वाढतो. आधींच कठीण झालेल्या यकृताला इतकी सवलत नसते. सुरी बोटभर चुकली तर गांठीचा अंश मागें राहतो, किंवा राखावयाच्या भागाचाच पाट तुटतो. आणि या अवयवांतून मिनिटाला सुमारें दीड लिटर रक्त वाहत असतें.

पूर्वीं पोट मोठें उघडून हातानें चांचपीत, आणि गांठ बोटांना कळे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत चारपांच लहान छिद्रांतून काम होतें. वेदना कमी होतात, रोगी लवकर घरीं जातो. पण हात बाहेर राहिल्यामुळें स्पर्श गेला. ती उणीव चित्रांनीं भरून काढावयाची. सी.टी. स्कॅनवरून संगणक यकृताचा त्रिमिति नकाशा करतो, आणि तो पडद्यावरील चालू चित्रावर बसवितात.

मेंदूच्या बाबतींत ही युक्ति आधीं साधली, कारण कवटी कठीण असते. यकृत मात्र श्वासाबरोबर सरकतें, पोटांत भरलेल्या वायूनें दबतें, कापूं लागतांच आकार बदलतें. उन्हाळ्यांत काढलेला वैनगंगेचा नकाशा घेऊन पुरांत नाव घालावी, तशांतला हा प्रकार. म्हणून शस्त्रक्रिया चालू असतांच यकृतावर सोनोग्राफीची सळई फिरवून वाहिन्या पुनः पुन्हां पाहतात. दुसरा उपाय इंडोसायनिन ग्रीन या रंगाचा. खंडाचा पाट चिमट्यानें बंद करून रंग शिरेंतून टोचला, कीं खास कॅमेऱ्याखालीं बाकीचें यकृत उजळतें आणि तेवढाच खंड काळा राहतो. बांधी ओळखण्याची शेतकऱ्याची रीतच ही!

अशा शस्त्रक्रियेसाठीं भंडाऱ्याहून साठएक किलोमीटरवरील नागपूर किंवा त्याहून मोठें शहर गांठावें लागतें. तेथें पोंचल्यावर नातेवाईक प्रथम यंत्राची चौकशी करतात. त्याआधीं विचारावें तें निराळेंच: मागें यकृत किती उरणार, आणि रक्तस्राव झालाच तर तत्काळ पोट उघडण्याची तयारी आहे काय? नकाशा आणि सोनोग्राफी यांत मतभेद झाला, तर अनुभवी वैद्य सोनोग्राफीचेंच ऐकतो.