गोऱ्हा बैल होतो तेव्हा

मी गुरांचा डॉक्टर नव्हे. कॉलेजात मुलांना शिकवणारा माणूस. पण धाडसारख्या गावी वाढलेल्या पोराने गोऱ्हा बडवताना पाहिला नाही, असे सहसा होत नसे. दोरांनी गोऱ्ह्याला पाडायचे, चार जणांनी दाबून धरायचे, अंडाच्या शिरा दोन काठ्यांमध्ये आवळायच्या आणि वरून लाकडाने ठेचायच्या. आमच्या घरचा एक गोऱ्हा असाच उन्हाळ्याच्या अखेरीस बडवला. कातडी फुटली, पाऊस पडताच माश्या बसल्या, जखमेत अळ्या झाल्या. ऐन पेरणीत दुसऱ्याचा बैल मागून तिफन हाकावी लागली. आजोबा एवढेच म्हणाले, "आपलंच चुकलं."

आता गुरांच्या दवाखान्यात लांब दांड्यांचा चिमटा असतो. इटलीच्या डॉ. बर्डिझोंच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे जबडे बोथट असतात. कातडी फाटत नाही. आतली शीर आणि रक्तवाहिनी तेवढी चेपते. रक्त थांबले की काही आठवड्यांत अंड सुकते. मात्र दोन्ही बाजूंच्या शिरा वेगवेगळ्या धराव्या लागतात. मधली कातडी मोकळी राहिली नाही तर पिशवीच सडायची. म्हणून चिमटा कोणाच्याही हाती देऊ नये.

दुखत नाही का? दुखते तर! रक्त दिसले नाही म्हणजे वेदना नाही, असे कुठे आहे? बधिर करण्याचे इंजेक्शन आणि दुखण्यावरचे औषध द्या, असे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. खांदेमळणीला लोणी-हळद लावणाऱ्या हातांना एवढे मागणे जड नाही.

वय लहान तितका त्रास कमी. पण मान-वशिंड भरावे म्हणून आपण थांबतो, आणि तेवढ्यात गोऱ्हा गावच्या गाईंवर जातो. चिमटा लावल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गाय गाभण राहू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुरुजींनी वर्गात हे सांगताना संकोचू नये. पोरे हसतील, पण ऐकतील.

घोड्याची गोष्ट निराळी. त्याला हा चिमटा लावत नाहीत. भूल देऊन शस्त्रक्रियाच करतात, आणि घोड्याला धनुर्वात चटकन होतो म्हणून त्याची लस आधी पाहतात.

गोऱ्ह्याला हिवाळ्यात न्यावे, माश्या कमी असतात. पोट तट्ट भरलेले नसावे. घरी आणल्यावर कोरड्या जागी बांधावे. थोडी सूज येणारच. पण ती वाढत गेली किंवा त्याने चारा सोडला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.