रंगवलेली रसाळ रोपं

रोपवाटिकेत निळ्या-गुलाबी रंगात रंगवलेली रसाळ रोपं हल्ली दिसतात. तेरसारख्या कमी पावसाच्या गावी कोरफडीसारखं रसाळ रोप तगतं, कारण त्याची पानं पाणी साठवतात आणि रंध्रं उन्हात मिटून रात्री उघडतात. रंगाचा थर नेमकी हीच रंध्रं बुजवतो, उजेडही अडवतो. नवी पानं हिरवीच फुटतात, मग बिघडलं कुठं, असं कुणी म्हणेल. पण ती फुटतात जुन्या पानांतल्या साठ्यावर. तो संपला की रोप खचू शकतं. पण म्हणून रंग खरवडू नका, त्यासोबत सालही निघते. थिनर तर नकोच. भरपूर उजेड द्या, माती पूर्ण वाळल्यावरच पाणी घाला. कुंभार संत गोरोबाकाकांच्या तेर गावाला मातीच्या भांड्याचं मोल सांगायला नको: बुडाला भोक असलेल्या साध्या मातीच्या कुंडीतून जादा पाणी निथळतं आणि ओल उडून जाते. आणि पुढच्या खेपेला हिरवंच रोप मागा. मागणी घटली तरच रंगवणं थांबेल.