टीव्हीमागचा छोटा संगणक आणि त्याचा प्रोसेसर

आम्ही ग्रामसंघाच्या वतीनं बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय बाई नवीनच. पण गेल्या काही महिन्यांत आम्हाला हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला, की म्हटलं एकदा रेडिओवरूनच सांगून टाकावं. प्रश्न असा आहे: टीव्हीला जोडायला छोटासा, आवाज न करणारा संगणक घ्यायचाय, तर त्यात प्रोसेसर कोणता असावा?

आधी हे सांगतो की आम्हाला याची गरज का पडली. ग्रामसंघाच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे. शेळीपालन, शिवणकाम, हिशोबाची वही कशी लिहायची, यांचे व्हिडिओ आम्ही तिथे बघतो. हळदीकुंकवाचं आणि पोरांच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरणही तिथेच लागतं. आतापर्यंत कुणाच्या तरी घरचा जुना संगणक आणून जोडायचो. त्याचा पंखा असा घोंघावायचा, की मागच्या रांगेतल्या मावश्यांना बोलणं ऐकूच यायचं नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्या दोन वेळा आल्या, तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. प्रशिक्षण ज्यांच्यासाठी ठेवलं त्याच घरी राहिल्या, तर उपयोग काय?

पैशाचाही प्रश्न होता. आमच्यात एक ताई स्पष्ट म्हणाल्या, "एवढ्या पैशात एखादीची शेळी होईल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून बैठकीत ठराव झाला की अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. दिवाळी फराळाच्या ऑर्डरीतून जो नफा उरला, तेवढ्यातच काय ते बसवायचं. आणि दुकानात जायचं ते आपण जायचं, आपल्या प्रश्नांची यादी घेऊन. "पोरांना विचारा, त्यांना कळतं" असं म्हणून मोकळं व्हायचं नाही.

पहिला प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला. संगणक हवाच का? तुम्हाला फक्त यूट्यूब आणि एखादं ओटीटी बघायचं असेल, तर स्मार्ट टीव्ही पुरतो, नाहीतर टीव्हीच्या मागे खोचायची ती काडी पुरते. त्यासाठी संगणक घेऊ नका. आम्हाला पेनड्राइव्हवरचे निरनिराळे व्हिडिओ लावायचे होते, ऑनलाइन अर्ज भरायचे होते, मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉलवर तज्ज्ञांशी बोलायचं होतं आणि गटांचे हिशोब ठेवायचे होते. म्हणून संगणक.

आता प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे संगणकाचं काम करणारा मुख्य तुकडा. तो काम करताना वीज खातो आणि त्या विजेची उष्णता होते. उष्णता बाहेर काढायला पंखा लागतो. उष्णता जास्त तर पंखा जोरात, पंखा जोरात तर आवाज. म्हणजे संगणक शांत हवा असेल तर सुरुवात पंख्यापासून करायची नाही, मुळात कमी तापणारा प्रोसेसर शोधायचा.

किती तापेल याचा अंदाज वॅटच्या आकड्यावरून येतो. दुकानदार त्याला टीडीपी म्हणतात. इंटेलचा एन100 नावाचा प्रोसेसर 2023 साली आला. त्याचा आकडा 6 वॅट आहे आणि त्यात 4 कोर आहेत. त्याच कंपनीचा आय3-12100 हाही 4 कोरचाच, पण त्याचा आकडा 60 वॅट. एएमडीचा रायझन 5 5600जी 6 कोरचा आहे आणि त्याचा आकडा 65 वॅट. हे मोठे प्रोसेसर वाईट नाहीत. व्हिडिओ संपादन करायचं असेल, मोठे खेळ खेळायचे असतील, तर तेच लागतात. पण नुसता सिनेमा लावायला ते घेणं म्हणजे दोन माणसांच्या चहासाठी लग्नाचं पातेलं चढवणं.

मग 6 वॅटच्या प्रोसेसरवर चित्र अडखळणार नाही का? हाच प्रश्न आमच्या सचिवताईंनी विचारला, आणि खरी मेख इथेच आहे.

आपल्याकडे येणारा व्हिडिओ दाबून, आवळून लहान केलेला असतो. तो दाखवताना संगणकाला पुन्हा उलगडावा लागतो. आवळण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एच.264 ही 2003 सालची जुनी पद्धत, ती जवळपास सगळीकडे चालते. एच.265 ही 2013 सालची. यूट्यूबवर व्हीपी9 चालते आणि एव्ही1 ही 2018 साली आलेली पद्धतही आता तिथे वापरतात.

आपला सोऱ्या आठवा. सोऱ्यात चकलीची चकती असली की चकल्या भराभर पडतात. चकतीच नसेल तर एकेक चकली हाताने वळायची, म्हणजे दमछाक. प्रोसेसरच्या आत व्हिडिओ उलगडणारा एक वेगळा भाग असतो, तो म्हणजे हा सोऱ्या. प्रत्येक पद्धतीची चकती त्यात वेगळी. चकती असली तर 6 वॅटचा प्रोसेसरही मोठ्या पडद्याचा सिनेमा आरामात दाखवतो. चकती नसली तर तेच काम प्रोसेसरला हातानं करावं लागतं. तो तापतो, पंखा ओरडतो आणि कधी कधी चित्रही अडखळतं. म्हणून नुसता वेग विचारू नका. "यात कोणत्या पद्धती हार्डवेअरमधून उलगडतात?" असं विचारा.

एन100मध्ये वर सांगितलेल्या चारही चकत्या आहेत. 2019 साली आलेला सेलेरॉन जे4125 अजून काही छोट्या संगणकांत मिळतो. तो 10 वॅटचा, स्वभावानं शांत, एच.265 आणि व्हीपी9 त्याला जमतं, पण एव्ही1ची चकती त्याच्यात नाही. गंमत म्हणजे 65 वॅटच्या त्या रायझन 5600जीमध्येही एव्ही1ची चकती नाही. मोठा आणि महाग म्हणजे सगळं येतं, असं नसतं.

जुनं, वापरलेलं घ्यायचं असेल तर? आमच्यातल्या काही जणींचा कल तिकडे होता, आणि तो विचार चांगलाच आहे. कार्यालयांतून निघालेले छोटे डबे बाजारात येतात. त्यात प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'टी' अक्षर बघा, जसं आय5-8500टी. या 'टी' अक्षराचे बहुतेक प्रोसेसर 35 वॅटचे असतात, म्हणजे साध्यापेक्षा थंड. पण पिढी बघा. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढे दहा-बिटचं एच.265 आणि व्हीपी9 नीट उलगडतं. चौथ्या पिढीचं यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर ते एच.264पुरतंच धरा. एव्ही1 मात्र अकराव्या पिढीपासून पुढे.

आणखी एक अक्षर लक्षात ठेवा, 'एफ'. तालुक्याच्या एका दुकानातून आम्हाला कोटेशन आलं, त्यात आय3-12100एफ लिहिलेलं होतं. भाव बरा वाटला. पण 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नसतो. त्यावर वेगळं ग्राफिक्स कार्ड घालावं लागतं. म्हणजे वरून खर्च, डबा मोठा आणि आणखी एक पंखा. आम्ही दुकानदाराला विचारलं, "दादा, यात कार्ड धरलंय का?" धरलेलं नव्हतं. ते कोटेशन आम्ही बाजूला ठेवलं आणि का ठेवलं ते इतिवृत्तात लिहिलं.

आता विजेच्या बिलाबद्दल खरं तेच सांगतो. समजा एक संगणक चालताना एकूण 15 वॅट घेतो आणि दुसरा 60 वॅट. रोज 4 तास लावला तर महिन्याला पहिल्याचे 1.8 युनिट होतात आणि दुसऱ्याचे 7.2 युनिट. फरक साडेपाच युनिटच्या आसपास. तेवढ्यानं घर चालत नाही. वीज वाचेल म्हणून घ्या असं कुणी सांगितलं तर हा हिशोब मांडा. कमी वॅटचा खरा फायदा शांतता हा, आणि दुसरा म्हणजे लाइट गेली तर इन्व्हर्टरवर ओझं पडत नाही. छताचा साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, त्यापुढे हा संगणक काहीच नाही.

बिनपंख्याचा घ्यावा की पंख्याचा? बिनपंख्याचा डबा अजिबात आवाज करत नाही, आत धूळही कमी जाते. पण त्याचा धातूचा डबाच उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्याला मोकळी हवा लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली कशी भाजते ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग चित्र अडखळू शकतं. त्यामुळे काचेच्या शोकेसमध्ये तो कोंडू नका, वर कापडाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवू नका. पंख्याचा घेतलात तर एवढं बघा, की मोठा पंखा हळू फिरतो तेव्हा आवाज कमी होतो, छोटा पंखा जोरात फिरला की शिट्टीसारखा वाजतो. दर दोन-तीन महिन्यांनी, बंद करून, मऊ ब्रशनं जाळी साफ करायची.

डबा छोटा म्हणजे शांतच असेल असंही नाही. काही कंपन्या 6 वॅटचाच प्रोसेसर त्याहून जास्त वॅटवर चालवतात. म्हणून कागदावर विश्वास ठेवून थांबू नका, कानानं ऐका. आणि आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क असली तर तिचाही घुर्रर्र आवाज येतो, तेव्हा एसएसडीच घ्या. रॅम 8 जीबी असली तरी व्हिडिओला पुरते.

टीव्ही फोर-के असेल तर संगणकाचा एचडीएमआय 2.0 किंवा त्यापुढचा आहे ना, हे विचारा. 1.4 असेल तर फोर-के चित्र सेकंदाला 30 फ्रेमचंच मिळतं. टीव्ही साधा फुल एचडी असेल तर ही काळजी नको.

दुकानात आम्ही काय केलं ते सांगतो, तुम्हीही तसंच करा. पेनड्राइव्हवर आमचे चार व्हिडिओ नेले, जुने आणि नवे. संगणक टीव्हीला जोडायला लावला आणि ते अर्धा तास चालू ठेवले. दुकानदार म्हणाले, "ताई, दोन मिनिटं बघा, पुरे." आम्ही म्हटलं, "दादा, पैसे साठ जणींचे आहेत, अर्धा तास बसू." चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघितलं. तिथे व्हिडिओ डिकोड नावाचा आलेख हलत होता आणि प्रोसेसरचा आकडा खाली होता, म्हणजे सोऱ्या काम करतोय. यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवं बटण दाबलं की 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' येतं, त्यात कोणती पद्धत चालू आहे ते दिसतं. मग टीव्हीचा आवाज बंद केला, दुकानाचा पंखा बंद करायला लावला आणि आमच्यातल्या सगळ्यात तीक्ष्ण कानांच्या सूनबाईला डब्याजवळ बसवलं.

शेवटी एन100चा पंख्याचा छोटा डबा घेतला, जीएसटीच्या बिलासह, वॉरंटी कार्डावर ग्रामसंघाचं नाव घालून. एन150 त्याचाच थोडा पुढचा भाऊ, तो मिळाला तरी चालेल. भाव दर महिन्याला हलतात, म्हणून तीन कोटेशनं घ्या आणि तिन्हीत प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून मागा.

तो डबा आता खोलीत टीव्हीपासून वीतभर अंतरावर, उघड्या फळीवर आहे. लाइट येऊन-जाऊन होते, म्हणून लाइट आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा अशी सोय बायोसमध्ये करून घेतली. चालवायला आठ जणी शिकल्या आहेत, त्यात दोघी पन्नाशीच्या पुढच्या. न येणाऱ्या मावश्यांना आम्ही घरी जाऊन बोलावून आणलं. त्यातल्या एक बसल्या, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "हे चालू आहे का बंद?" ज्या ताईंनी शेळीचा मुद्दा काढला होता, त्यांनीच परवा शेळ्यांच्या लसीकरणाचा व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. त्यांचा मुद्दा मात्र आम्ही सोडलेला नाही. पुढच्या फराळाचा नफा कर्जाच्या निधीत घालायचा, असा ठराव झालाय.

मैत्रिणींनो, यंत्राच्या दुकानात आपण गप्प बसतो, कारण शब्द अनोळखी असतात. आज चार शब्द कळले: वॅट, पिढी, चकती आणि शेवटचं अक्षर. ते कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. घेताना विचारा, पटेपर्यंत विचारा. पैसा आपल्या कष्टाचा आहे.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.